आते ज्या चित्रात होती

आमच्या घरात शिनेमा हा शब्द काढायचा नसे. इतर घरांतून भावकीचे तंटे, नाहीतर परागंदा झालेला एखादा चुलता, असलं काहीबाही झाकून ठेवलेलं असतं. आमच्याकडे शिनेमा होता. मालवणात फिरता तंबू लागला की गावातली पोरं घोळक्याने चालत जायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत काठ्यांच्या तलवारी करून एकमेकांची डोकी फोडायची. आम्ही जायचं नाही. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी बाराखडी शिकवली होती, पण जाहिरातीचा कर्णा गावात शिरला की ते उठून खिडकी लावून घेत. ऐन मे महिन्यातसुद्धा.

याचं कारण आते. आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण, लग्न न झालेली, आमच्याच घरात राहणारी. सडपातळ, भरभर चालणारी, आणि हसताना तोंडावर पदर न धरणारी. तिचं ते हसणं आईला आवडत नसे. "इतक्या झाल्यार पण हिचा हसणा जाऊक नाय," असं ती चुलीकडे बघून म्हणायची. मला मात्र आतेच्या कुशीशिवाय झोप यायची नाही, आणि शाळेच्या वाटेवर तीच आते दिसली की मी दुसऱ्या बाजूला बघायची. या दोन्ही गोष्टी एकाच पोरीत सुखाने नांदत होत्या. लहान मुलं निरागस असतात असं म्हणणाऱ्यांनी मला तेव्हा बघायला हवं होतं.

महायुद्धाच्या आधी, आते दहा-अकरा वर्षांची असताना, मुंबईची एक कंपनी मुलांचा बोलपट काढायला आमच्या किनाऱ्यावर आली होती. त्यांनी कस्टमचा बंगला घेतला, आणि गावाकडे दोन होड्या, एक बकरा आणि एक मुलगी मागितली. होड्या वापरल्या, बकरा खाल्ला, आणि मुलगी म्हणून आतेला निवडलं. आजोबा देवळाच्या मानकऱ्यांपैकी एक, कडक माणूस. त्यांनी होकार दिलाच कसा, याचं गावाला पुढे फार नवल वाटे. मला वाटत नाही. डायरेक्टराने उठून त्यांना स्वतःची घडीची खुर्ची बसायला दिली होती. आमच्या घराण्याला कोणी मान दिला की आम्ही मग काहीही देऊन टाकतो.

आतेचं काम एवढंच होतं. लाल परकर, मोकळे सोडलेले केस, हातात पोपटाचा पिंजरा. ओल्या वाळूतून पाण्याकडे धावत जायचं आणि होडीतून निघालेल्या मुलाला हाका मारायच्या. ती धावली. डायरेक्टराने तिला परत धावायला लावलं आणि मग छत्री उंच धरून म्हणाला, "झकास!" हा शब्द आतेने कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. पुढे कितीतरी वर्षं मला गोष्ट सांगताना ती त्या शब्दापाशी थांबायची आणि तो नीट, डायरेक्टराच्या आवाजात म्हणायची.

बोलपट मुंबईत लागला. गावात कोणीच तो बघितला नाही. गणपतीच्या चवथीला मुंबईच्या गिरणीतला एक गाववाला रजेवर आला आणि त्याने दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं, "मास्तरांच्या घरातला चेडू शिनेमात नाचता. तोंडाक रंग फासून, परक्या झिलांच्या हातात हात घालून." चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा; गावाला एवढं पुरलं.

अशा वेळी कोणीही शहाणा माणूस काय करील? मुंबईची आगबोट पकडील, तिकीट काढील आणि बोलपट बघून येईल. आमच्या गावाने देवीला कौल लावला. आमच्याकडे कुठलीही अडलेली गोष्ट अशीच सोडवतात. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "ह्या चेडवान गावाची लाज घालयली काय?" असा प्रश्न होता. तो विचारला कोणी, तर आजोबांनीच, कारण त्या वर्षी विचारण्याचा मान त्यांचा होता. उजवी पाकळी पडली. देवीनेही बोलपट बघितलेला नव्हता, पण तिला विचारलं, तिने उत्तर दिलं. देवीचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. भलत्या ठिकाणी भलता प्रश्न नेणाऱ्यांचं चुकलं.

मग ठरलं, की देवी पुन्हा सांगेपर्यंत या मुलीने देवळाची पायरी चढायची नाही. आणि देवी पुन्हा सांगणार कशी? तोच प्रश्न परत विचारणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं. काही नवीन गोष्ट उजेडात आली तरच विचारता येतं. नवीन गोष्ट आणायला कोणी गेलं नाही. आजोबा तर त्यानंतर फार दिवस जगलेही नाहीत.

वाळीत वगैरे कोणी टाकलं नव्हतं, हे गाववाले अजून अभिमानाने सांगतात. आतेला विहीर बंद नव्हती, बाजार बंद नव्हता. फक्त देवळाची पायरी. पण आमच्या गावात देवळाच्या पायरीवरूनच सगळं सुरू होतं. वेंगुर्ल्याहून एक स्थळ आलं, वैभववाडीकडून एक आलं. दोन्ही चहा पिऊन गेली ती गेलीच. पालखी घराघरांतून फिरत आमच्या अंगणात यायची तेव्हा आई ओटी घेऊन पुढे व्हायची आणि आते मागीलदारी जाऊन केळीच्या आळ्यात पाणी सोडत बसायची. मी ढोलांच्या आवाजाकडे धावायची, मग आठवण होऊन मागे जायची, मग परत पुढे. "जा गो, प्रसाद घेऊन ये," ती म्हणायची. मी दोघींचा प्रसाद घेऊन यायची, आणि ती तो डोळ्यांना लावून खायची.

शाळेत मला "शिनेमाची भाची" म्हणत. एकदा एका पोराच्या मी असं काही कानफटात मारलं, की त्याचं नाक फुटलं. त्याबद्दल बाबांनी मला घरी आणून छडीने मारलं, आणि तो पोरगा काय म्हणाला होता हे एकदाही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असे आणि कोणी बोलत नसे. संध्याकाळी आतेने माझ्या वळांवर खोबरेल लावलं आणि विचारलं, "मोठा होता नाक?" आणि बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही दोघी तिच्या पदरात तोंड खुपसून हसलो.

पुढे मी शिकले, आणि साठ सालानंतर मुंबईत एका शाळेत नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी आते माझ्या ट्रंकेत कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं भरत होती. भरता भरता, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "थय ता चित्र गावला तर बघ गो. मी कशी दिसतंय ता माका सांग." तिचा एकही फोटो नव्हता. कोणी काढलाच नव्हता. घरातला आरसा एवढासा, त्यात कपाळ दिसलं तर हनुवटी दिसायची नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला सोडायला तळेऱ्यापर्यंत आले. मुंबईची गाडी यायची होती. बाबा महत्त्वाचं बोलायचं असलं की मालवणी सोडून पुस्तकी मराठीवर येत. म्हणाले, "तो बोलपट कुठे मिळतो का बघ. ती त्यात नाचत नाही, एवढं आपल्या घरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलं, तर कौल पुन्हा लावता येईल. माझ्या डोळ्यांदेखत तिने पायरी चढावी, एवढीच इच्छा आहे." आणि मग त्यांनी उगाच ट्रंकेची कडी हलवून बघितली. मला वाटलं, दोघांनी मला एकच काम सांगितलंय. गाडीत बसल्यावर बरंसुद्धा वाटलं, की चला, एका दगडात दोन पक्षी.

काम सोपं नव्हतं. मुख्य म्हणजे बोलपटाचं नावच कोणाला माहीत नव्हतं. गावात त्याला "ता चित्र" म्हणत. माझ्याकडे खूण म्हणून काय, तर एक मुलगा होडीतून बापाला शोधायला जातो, आणि पोपट. आतेच्या सगळ्या आठवणींत तो पोपट होता. तो शीळ कशी घालायचा, पिंजऱ्याचं दार तारेने कसं बांधलेलं असे, सगळं. म्हणून मी जिथे जाईन तिथे पोपट पुढे करायची. "पोपट असलेला मुलांचा जुना बोलपट." थिएटरचे मॅनेजर माझ्याकडे, ही बाई शाळेतून पळून आली आहे काय, अशा नजरेने बघायचे. एकाने मैनेचा बोलपट आहे म्हणून सांगितलं आणि मी तो बघून आले. त्यात मैनाही नव्हती, नायिकेचं नाव तसं होतं. जुनी पोस्टरं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने ढीगच्या ढीग उपसले. हत्ती निघाला, वाघ निघाले, उडता गालिचा निघाला. पोपट नाही. मी कंटाळायची, सोडून द्यायची. मग सुटीत घरी जायची. आते काही विचारायची नाही. नुसती आल्या आल्या एकदा माझ्या तोंडाकडे बघायची. तेवढ्याने मी परत आल्यावर पुन्हा शोधायला लागायची.

शेवटी तो बोलपट सापडला तो शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत. माझ्याहून बऱ्याच मोठ्या एक बाई होत्या, त्यांना मी डबा खाताना ही गोष्ट सांगत होते. होडी, बाप, समुद्र एवढं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, तो तर मी परकरात असताना बघितलाय! पण त्यात पोपट कुठे होता?" मी म्हटलं, होता. त्या म्हणाल्या, नव्हता. आम्ही दोघी मास्तरणी, हार कोण मानणार? मग त्या म्हणाल्या, "माझं सोड. त्यात होडीत बसलेला मुलगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्मे विकतो. त्यालाच विचार."

तो मुलगा आता चाळिशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता. काउंटरच्या काचेखाली त्याने स्वतःचा लहानपणचा फोटो ठेवला होता, गिऱ्हाइकाला दिसेल असा. मी मालवणकडची म्हटल्याबरोबर त्याने कपाळाला हात लावला. "तुमच्या त्या काजूच्या बोंडूंनी माझी काय दशा केली होती! दोन दिवस शूटिंग बंद!" मग तास-दीड तास तो स्वतःबद्दल बोलला. मी चष्मा न लागताच दोन चष्मे लावून बघितले. पोपटाचं विचारलं, तर तो हसत सुटला. "तो मालवणातच उडाला! सकाळी बघतो तर पिंजरा रिकामा. सगळी गोष्ट त्या पोपटावर होती. डायरेक्टर नारळीच्या झाडांखाली हाका मारत हिंडला. मग पोपट काढूनच टाकला गोष्टीतून."

"आणि मुलगी? पिंजरा घेऊन धावत येते ती?"

"मुलगी?" तो काच पुसत म्हणाला. "होती खरी कोणीतरी. पोपट गेल्यावर तिचं काय काम राहिलं?"

मी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. हा माणूस स्वतःच्या पलीकडचं काही लक्षात ठेवणारा नाहीच, अशी मी मनाची समजूत घातली. त्याने मला एक उपकार मात्र केला. दिवाळीच्या सुटीत एक संस्था शाळांच्या मुलांना सकाळी जुने बोलपट दाखवत असे, त्यात यंदा हा होता. तिथे त्याला नारळ-टॉवेल द्यायचे होते, म्हणून त्याला ठाऊक होतं.

मी गेले. शंभर पोरांच्या किचाटात, तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारणाऱ्यांच्या मध्ये बसले. अंधार झाला.

बोलपट तसा भाबडा होता. मुलाचा बाप गलबतावर जातो, येत नाही, मुलगा शोधायला निघतो. मध्येच कोळ्यांचा नाच आला. त्यात एक गोबऱ्या गालांची मुलगी, तोंडाला रंग, मुलांच्या हातात हात घालून नाचत होती. पाठीमागे पडद्यावर रंगवलेला समुद्र, आणि त्या समुद्राला एक मोठी सुरकुती पडली होती. ती मुलगी आते नव्हती. कोणत्याच जन्मी नव्हती. आमच्या गिरणीवाल्याने हिलाच बघितलं आणि आमची म्हणून गावाला दिली. काळ्या-पांढऱ्या चित्रात लाल परकराची खूण तरी कशी पटणार? मग एकाएकी खरा समुद्र आला. आमचा. ते काळे खडक मी कुठेही ओळखीन. होडी निघाली, मुलगा मागे वळला, हसला आणि त्याने हात उंच करून हलवला. बराच वेळ हलवत राहिला, किनाऱ्यावरच्या कोणालातरी. आता ती येणार म्हणून मी पुढे सरकले. आकाशात ढग दाखवले, आणि मग एकदम मुंबईचं बंदर आलं.

एवढंच. आते त्यात नव्हती. शेवटपर्यंत नव्हती.

दिवे लागले तेव्हा मला काय वाटलं? आनंद. सुटलो एकदाचे, असं वाटून मी त्या पोरांबरोबर टाळ्या वाजवल्या. नाचली नाही, रंग लावला नाही, मुळी दिसलीच नाही. बाबांना हवं होतं त्याच्या दसपट पुरावा मिळाला. मी रस्त्यावर येऊन ऊन लागेपर्यंत खुशीत होते. मग त्या ट्रंकेशी वाकलेली आते डोळ्यांपुढे आली, आणि मी फुटपाथवर, एका रस काढणाऱ्याच्या गाड्यापाशी, कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. वाजवलेल्या त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

पत्राने कळवायचं धाडस झालं नाही. मे महिन्यात घरी गेले. आते मागीलदारी सोलं वाळत घालत होती. तिने वर बघितलं आणि या वेळी विचारलं. माझ्या तोंडावरच दिसलं असणार.

"गावला?"

"गावला."

"मगे? मी कशी दिसतंय?"

मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "आते, तू नाय त्यात. तो पोपट उडालो ना, म्हणान तो भागच काढल्यानी. कापल्यानी."

ती हातातलं सोल उलटंपालटं करत राहिली. "कापल्यानी म्हणजे? कात्रीन?"

"होय."

"मगे ता कापलेला खंय टाकल्यानी?"

 मला रडू यायला लागलं, आणि ते थोपवायला मी घाईघाईने दुसरं सांगितलं. "पण तो झील आसा. आपलो दर्यो आसा, ते खडप आसत. होडीतसून तो मागे बघता आणि हात हालयता. तू दिसणस नाय, पण तो तुकाच हालयता."

आतेचा चेहरा हळूहळू उजळला. "मी तेका हाका मारी होतंय," ती म्हणाली. "म्हणान हालयता." आणि ती उरलेली सोलं पसरायला लागली, भरभर, नेहमीसारखी.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि पंच्याने तोंड झाकून घेतलं. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. डोळे पुसून ते तसेच, न जेवता, मानकऱ्यांकडे निघाले. जाता जाता मला म्हणाले, "ते हात हलवण्याचं तेवढं तिथे काढू नकोस. विचारतील, कोणाला हलवतो म्हणून. हात दाखवून अवलक्षण कशाला?" मला ते पटलं. पटलं हेच आता सांगायला जड जातं.

कौलाचा दिवस ठरला. बाबांनी मालवणहून आतेला नवं लुगडं आणलं, हिरवं. सकाळी सगळा गाव जमला. मानकरी आणि पुरुष गाभाऱ्यापुढे, बायका मागे सभामंडपात, आणि आते खाली, पायऱ्यांच्या तळाशी, अंगणात. कौल झाल्याशिवाय तिला वर घेता येत नव्हतं. मला मात्र पुढे बोलावलं होतं, साक्षीला.

मुख्य मानकऱ्याने विचारलं, "गो मास्तरांच्या चेडवा, तू आपल्या डोळ्यांनी ता चित्र बघलंस?"

"हो."

"ही आसा त्यात?"

मी म्हटलं, "नाही. त्या त्यात कुठेही नाहीत." जन्मभर जिला 'तू' म्हटलं तिला मी 'त्या' म्हटलं, कचेरीत बोलावं तसं. मागे बायकांत समाधानाची कुजबुज झाली. बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

मग गाऱ्हाणं सुरू झालं. मानकरी नारळ हातात धरून गावाच्या वतीने देवीशी बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका सुरात "होय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. दुसरं काही म्हणायचं असतं हे कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

"आये, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत."

"होय म्हाराजा."

"ह्या बायेवर जो आळ इल्लो, तो खोटो आसा."

"होय म्हाराजा."

"ती नाचूक नाय, तिना तोंडाक रंग लावूक नाय."

"होय म्हाराजा."

मानकऱ्याला आता रंग चढला. आवाज वाढला. "ती त्या चित्रात नायच! ती दर्यार धावूक नाय, तिका कोणी बघूक नाय, तिच्या हातसून कायएक घडूक नाय!"

"होय म्हाराजा." सगळे म्हणाले. बाबा म्हणाले. मीही म्हटलं, आणि ते म्हणताना माझा आवाज चांगला ठणठणीत होता.

"नाय म्हाराजा."

आवाज खालून आला होता. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. आते हात जोडून उभी होती आणि माणसांकडे नाही, त्यांच्या डोक्यांवरून सरळ गाभाऱ्याकडे बघत होती.

"मी धावलंय, आये," ती म्हणाली. "केस सोडून धावलंय. परत धाव म्हटल्यानी, परत धावलंय. माका बरा वाटला. तो झील माकाच हात हालयता. कापल्यानी तर कापल्यानी. मी होतंय थय."

 बाबांचा चेहरा पांढरा पडला. मुख्य मानकरी जुना माणूस, असे प्रसंग सांभाळलेला. त्याने काही ऐकलंच नाही अशा थाटात गाऱ्हाणं पुढे नेलं, चढ्या आवाजात, आणि लोकांनीही घाईघाईने होय म्हाराजा म्हणून त्याला साथ दिली. त्या क्षणी मी "ती खरं बोलते" एवढं म्हटलं असतं तर? मला विचारलं कोणी नाही, हे खरं. पण साक्षीला पुढे मलाच उभं केलं होतं. माझ्या पायांखालची फरशी मला अजून आठवते, कारण मी तिच्याकडेच बघत होते.

पाकळ्या लावल्या. आळ खोटा का, म्हणून विचारलं. उजवी पाकळी लगेच पडली. आतेची सुटका झाली. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या, कोणीतरी घंटा वाजवली आणि बाबा सभामंडपाच्या कडेला येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाय, ये गो वर. कौल झालो."

आते सगळ्यात खालच्या पायरीवर बसली, देवळाकडे पाठ करून. "मी हयच बरी आसंय, दादा," ती म्हणाली. बाबांनी आणखी दोनदा हाक मारली. मग ते आत गेले.

मी खाली उतरून तिच्याजवळ बसले. नव्या लुगड्याला अजून दुकानाचा वास येत होता. "आते, रागावलंस माझ्यार?"

"तुझ्यार कित्याक रागवू?" ती म्हणाली. खरंच रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग ती माझ्याकडे वळून अगदी लहान पोरीसारखं म्हणाली, "तो हात कसो हालयता गो? माका करून दाखव."

मला तो हात नीट आठवत होता. कोपर ताठ, बोटं पसरलेली, डोक्याच्या वर. मी हात उचलला. खांद्यापर्यंत गेला असेल. तेवढ्यात देवळातून खोबऱ्याचे तुकडे घेऊन माणसं बाहेर यायला लागली, मानकरी आले, बाबा आले, सगळे आम्हा दोघींकडे बघायला लागले. मी त्याच हाताने पदर सारखा केला.

"मगे दाखवतंय," मी म्हटलं.

"हां," आते म्हणाली. "मगे."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही दाखवला नाही.